पुढची ओळ

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (मावशीने पत्र उघडलंच तर पहिली ओळ तरी शिस्तीत असावी.)

फोन असताना याच्या अंगात पत्राचं भूत कुठून शिरलं, असं तू म्हणशील. फोनवर तू 'हो, नाही, बरं, ठेवते' एवढ्यात उरकतेस. कागद समोर आला की मात्र स्वतःची उलटतपासणी घेत बसतेस. मला ती उलटतपासणी हवी आहे.

सिनेमा मिळालाय! पहिल्यांदाच पटकथा पूर्ण माझी. शहर, खून, पोलीस, पाठलाग, सगळं आहे. पण बाई नुसती मरायला ठेवलेली नाही. आपण तिघं सिनेमे बघायचो तेव्हा मावशी काय म्हणायची, आठवतं? "केस मोकळे सोडलेत बघा हिने. ही मध्यंतर बघत नाही." इन्स्पेक्टरची बायको दारात आली की, "आता म्हणेल, आज तरी लवकर या." आणि ती तेच म्हणायची! आणि एखादी जरा जास्त हसली की, "ही दगा देणार." तू वहीत सगळ्यांची मोजदाद ठेवायचीस. एकशे बारा सिनेमांत गुन्हा शोधून काढणाऱ्या बायका दोन, आणि त्यातली एक स्वप्नात.

माझी बाई ठसे तपासणारी आहे. भिंगाखाली बघत बसते आणि तिच्यामुळेच खुनी सापडतो. म्हणजे तूच की गं. ते चष्म्याचं प्रकरण. त्या वर्षीची तुझी रोजनिशी देशील? महिन्याभरात परत करीन आणि तिच्यातलं काही खोटं होऊ देणार नाही. मावशीच्या गळ्याची शपथ. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण देवाने माझ्या बाबतीत फारच मनावर घेतली आणि तुझ्या आईनेच मला वाढवलं, तेव्हा तिच्याहून मोठी शपथ माझ्याकडे नाही.

तुझा,
टिंबू

२१ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

बारा दिवस वही कपाटातून काढली आणि परत ठेवली. आज पाठवते आहे. का पाठवते, हेही तपासून पाहिलं. तुला मदत करावी हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे मोह. माझ्यासारखी बाई पडद्यावर भिंग घेऊन बसलेली दिसेल, तिला कुणी मारणार नाही आणि ती कुणाची वाटही बघत बसणार नाही, याचा मोह झाला. तो झाला नाही असं लिहिलं तर पहिल्याच पत्रात खोटं होईल.

प्रकरण तुला ऐकून माहीत आहे, तरी नीट लिहिते, म्हणजे घोळ नको. मुलगी चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. संध्याकाळी ती राहायची त्याच इमारतीच्या जिन्यात मेलेली सापडली. अंगावर दुकानाचा पांढरा कोट होता आणि चष्मा डोळ्यांवर होता. मारणाऱ्याने तो काढून परत घातला होता. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. डाव्या काचेच्या आतल्या बाजूला अर्धा ठसा होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर आला आणि मी शेरा मारला, 'तुलनेस अयोग्य'. अकराव्या दिवशी मनाला चैन पडेना म्हणून काच पुन्हा काढली, दिवा तिरका धरला, आणि रेषा दिसल्या. इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस निघाला. मधल्या नऊ दिवसांत तो त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या मोठ्या बहिणीचं सांत्वन करून, पाणी पिऊन आला होता. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये 'अयोग्य' आणि 'फेरतपासणीत योग्य' एवढंच आहे. त्या नऊ दिवसांचं काय, ते वहीत आहे. त्या पानापुढचं पान मी कोरं सोडलंय. त्या दिवशी पुढे लिहवलं नाही. (माझं अक्षर किती दाबून असतं ते तुला माहीत आहे. आई म्हणते, ही लिहीत नाही, कोरते.)

आमचा एक नियम तुझ्या उपयोगी पडेल. माझा ठसा जुळला म्हणून तो जुळत नाही. दुसऱ्या तपासनिसाकडे जातो, आणि त्याला ठसा कुणाचा, प्रकरण कुठलं, मला काय वाटलं, काही म्हणजे काही सांगायचं नसतं. चेहरासुद्धा कोरा ठेवायचा. त्याला आम्ही 'दुसरा डोळा' म्हणतो. शिकत होते तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या बोटांवर सराव केला होता, आठवतं? तुझ्या अंगठ्यावरचा डब्याच्या पत्र्याने कापलेला तो आडवा व्रण बघून आई म्हणाली होती, "हा काही गुन्हा करून सुटायचा नाही."

एकच अट आहे. मुलीची मोठी बहीण नर्स आहे. निकालानंतर ती माझ्याकडे आली आणि तिने एवढंच मागितलं, "तिला कुणाला चघळायला देऊ नका." मी हो म्हटलं होतं. आता ते तुझ्याही गळ्यात.

तुझी,
ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

एका बैठकीत वाचली. नऊ दिवसांचं पान म्हणजे सोनं आहे सोनं! मी ते निर्मात्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तर माणसाने फोन बाजूला ठेवला. हा मान आजवर कुणाला मिळालेला नाही.

एक विचारतो, रागावू नकोस. तो लिफ्टवाला तुला कधी, म्हणजे माणूस म्हणून, कसा वाटला? बघायला कसा होता? नुसतं पात्र उभं करायला हवंय.

वही अजून थोडे दिवस ठेवतो.

टिंबू

१५ एप्रिल

प्रिय टिंबू,

त्याला मी एकदाच पाहिलं, साक्षीच्या दिवशी. ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाची नखं इतकी स्वच्छ कशी, हे पहिल्यांदा मनात आलं. आणि तो देखणा होता. हे लिहावंसं वाटत नाही, पण तू विचारलंस आणि मनात आलं होतं, म्हणून लिहिते. त्याच क्षणी स्वतःची शरमही वाटली होती, तेही लिहिते.

तू निर्मात्याला पान वाचून दाखवलंस हे मला आवडलं नाही. मग वाटलं, सिनेमा काढायचा तर त्याला कळायलाच हवं. तरी आवडलं नाही.

आई विचारते, "त्यातली ठसेवाली जेवते की नाही कधी? सिनेमातले पोलीस नुसता धूर काढतात."

ताई

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

इतके महिने गप्प होतो, माफ कर. शूटिंग म्हणजे लग्नघर, कोण काय करतंय कुणाला पत्ता नसतो. सिनेमा चौदाला लागतोय, पास सोबत आहेत. थोडे बदल झालेत. सिनेमा एकट्याचा नसतो गं. आधी तू बघ, मावशीला नंतर दाखव.

वही निर्मात्याच्या ऑफिसात सुखरूप आहे.

टिंबू

२० नोव्हेंबर

टिंबू,

मावशीला नंतर दाखव म्हणालास. तिला कोण थांबवणार? दुपारच्या खेळाला जायचं तर सकाळी नऊपासून पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला तिने सांगितलंसुद्धा, "आमच्या मुलाचा सिनेमा आहे." भाचा नाही म्हणाली.

पहिल्या पाच मिनिटांत ती मुलगी लाल कपड्यांत, तीन पुरुषांशी फोनवर हसत बोलताना दिसली. मग जिन्यात पडलेली. कॅमेरा पायांवरून सावकाश वर गेला. चष्मा शेजारच्या पायरीवर. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता रे. सगळं प्रकरण त्या एका गोष्टीवर उभं होतं. पण चष्मा लावलेलं प्रेत सुंदर दिसत नसावं.

आई कानाशी कुजबुजली, "केस मोकळे आहेत गं." ती हसली नाही.

मग ठसेवाली आली. हनुवटीला पेन टेकवणारी. ते माझंच आहे, आईने माझा हात धरला. आणि मग तुझी ठसेवाली त्या माणसाच्या स्वच्छ नखांवर भाळली, ठशाची काच खणात टाकून नऊ दिवस किल्ली गळ्यात घालून फिरली. इन्स्पेक्टरने तिला पकडलं आणि तिच्या थोबाडीत मारली. टाळ्या पडल्या. शिट्ट्याही. मागचा एक जण म्हणाला, "बाईच्या हातात पुरावा दिला की हेच व्हायचं." मी मागे वळून पाहिलं नाही. माणूस साधा असेल, घरी लेकीबाळी असतील, असं मनाशी म्हणत बसले.

घरी येताना आई माझ्या पुढे चालत होती. फाटकाशी थांबून म्हणाली,

"तू तो ठसा खरंच लपवला होतास का गं?"

"नाही."

"मग टिंबूला माहीत नव्हतं का?"

"होतं. मी लिहून दिलं होतं."

तिने फाटकाची कडी लावली, काढली, परत लावली.

आणखी एक. ऑफिससमोरच्या बसथांब्यावर तुमची जाहिरात आहे. त्यावर माझं अक्षर आहे. हाताएवढं मोठं. 'नऊ दिवस मी तो ठसा बाजूला ठेवला.' खाली, 'एका तज्ज्ञाच्या रोजनिशीवरून. सत्य घटना.' पुढची ओळ कापली आहे. पुढची ओळ काय होती ते तुला माहीत आहे. 'कारण मला तो दिसलाच नाही.'

वही परत हवी आहे. लगेच.

ताई

२९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. तू फार मनाला लावून घेतलंस.

माझ्या पहिल्या खर्ड्यात सगळं तू सांगितलंस तसंच होतं. निर्माता म्हणाला, "बाई भिंगातून बघते आणि तिला सापडतं. यात बघायचं काय?" काहीतरी द्यावं लागलं. आणि नीट विचार कर, मी तिला मारली नाही, दारात वाट बघायला लावली नाही. तिला इच्छा दिली, पाप दिलं, गुंतागुंत दिली. दोन परीक्षणांत लिहिलंय, सर्वांत धाडसी पात्र ठसेवालीचं. नुसती देवी दाखवली असती तर तूच नाक मुरडलं असतंस!

तुझं नाव कुठेही नाही. चार आठवड्यांत लोक विसरतील. जाहिरात माझ्या हातात नव्हती. वहीचं बघतो.

मावशी कशी आहे?

टिंबू

१२ डिसेंबर

टिंबू,

चार आठवडे झाले. कोण काय विसरलं ते सांगते.

त्या माणसाचं अपील वरच्या कोर्टात आहे. त्याच्या वकिलाने सिनेमा पाहिला. रजिस्टरमधला 'अयोग्य' हा शेरा आणि जाहिरातीतलं माझं वाक्य शेजारी ठेवून तो म्हणतो, या बाईने ठसा नऊ दिवस दाबला आणि मग तिला हवा तसा 'सापडवला', म्हणजे तो ठसा पुराव्यातून काढा. ठसा गेला तर त्याच्याविरुद्ध फारसं काही उरत नाही. तो सुटेल. सोळा जानेवारीला मला वहीसकट बोलावलं आहे. तोवर साहेबांनी मला टेबलावरून उठवून जुन्या फायलींत बसवलंय. "तुमच्यावर अविश्वास नाही," म्हणाले, आणि भिंग स्वतःच्या खणात ठेवलं.

बहीण आली होती, नर्सच्या गणवेशात, कामावरून तडक. बस म्हटलं तर बसली नाही.

"तुम्ही त्याला ओळखत होतात का?" तिने विचारलं.

नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही ठशाकडे बघतो तसं, दिवा तिरका धरून. मग म्हणाली, "माझी बहीण लाल कपडे घालायची नाही. एवढं तरी सांगायचं त्यांना."

ती गेल्यावर मी स्वतःलाच विचारलं, तिला चघळायला कुणी दिलं? तू. पण तुझ्या हातात कुणी दिलं? याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते तुझ्यावर ढकलणार नाही.

तुझ्या गुंतागुंतीबद्दल मात्र बोलते. सिनेमातला इन्स्पेक्टर दोनदा चुकीचा माणूस पकडतो. त्याला कुणी विचारत नाही, तू कुणाच्या प्रेमात होतास. पुरुष चुकतो तेव्हा तो नुसता चुकतो. बाई चुकली की तिच्या चुकीमागे एक पुरुष उभा करावा लागतो. माझी चूक साधी होती रे. डोळे थकले होते, दिवा सरळ होता, मला दिसलं नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, आणि तीसुद्धा तू माझी राहू दिली नाहीस. त्याच्या नखांना देऊन टाकलीस.

दोन गोष्टी हव्या आहेत. वही. आणि तुझ्या सहीने दोन ओळी, की ठसा लपवण्याचा भाग तू रचलास आणि मी तुला तसं कधी सांगितलं नव्हतं. बाकी काही मागत नाही.

ताई

४ जानेवारी

प्रिय ताई,

वही पाठवतोय.

दोन ओळी देता येत नाहीत. 'सत्य घटना' या शब्दांवर करार आहे. मी रचलं असं लिहून दिलं तर पुढचा सिनेमा नाही, पुढचं काहीच नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पटकथांना टाचण्या लावल्यात ताई. तू समजून घेशील. तू नेहमीच घेतेस.

आणखी एक सांगायला हवं. ते पान वहीत नाही. जाहिरातीच्या फोटोसाठी निर्मात्याच्या माणसांनी काढलं आणि गहाळ केलं. मी भांडलो. मला वही बंद पाकिटात मिळाली, मी ती उघडलीही नाही, तशीच पाठवतोय. आता ती ओळ कुणालाच दाखवता येणार नाही, याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतंय.

मावशीला नमस्कार.

टिंबू

१९ जानेवारी

टिंबू,

वही मिळाली. पान नव्हतं. मी निर्मात्याच्या माणसांवर चिडले. तुझ्यावर नाही. एक संध्याकाळभर मी तुझ्या बाजूने होते, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी वही उघडली. पान शिवणीपाशी फाडलेलं, बोटभर कड उरलेली. त्यापुढे माझं कोरं पान. सकाळचं ऊन बाजूने येत होतं, आणि कोऱ्या पानावर खाचा दिसल्या. मी लिहीत नाही, कोरते. माझं फाटलेलं पान खालच्या पानावर अक्षर न् अक्षर उमटलं होतं. 'कारण मला तो दिसलाच नाही. उद्या कामावर कोणत्या तोंडाने जाऊ?' हेही होतं. हे वाक्य मी विसरले होते.

आणि तिथेच शाईचा डाग होता. आईने तुला बारावीला दिलेलं पेन अजून गळतं वाटतं. डाग म्हणजे अंगठा. अर्धा फाटक्या कडेवर, अर्धा कोऱ्या पानावर, रेषेला रेषा जोडून. म्हणजे पान जाताना किंवा गेल्यावर टेकलेला. मधून एक आडवी पांढरी रेघ.

मी एकदा पाहून निष्कर्ष काढत नाही. त्या अकरा दिवसांनंतर तर मुळीच नाही, हे मी महाग शिकले आहे. पण ऑफिसचं भिंग साहेबांकडे, आणि हे काम ऑफिसचं नाही. मग पांढऱ्या कागदाला रुपयाएवढं भोक पाडलं, ते डागावर ठेवलं, बाकी सगळं झाकलं आणि आईपुढे तिचं वाचायचं भिंग ठेवलं. कोणती वही, कोणाचं काय, काही सांगितलं नाही. चेहरा कोरा ठेवला. तो ठेवताना माझी मान दुखायला लागली.

आईने पाहिलं. भिंग पुसलं. परत पाहिलं.

"हा टिंबूचा अंगठा," ती म्हणाली. "डब्याचं झाकण लागलं होतं. मीच पट्टी बांधली होती. सहा वर्षांचा होता, रडला नाही."

मग विचारलं, "कुठे सापडला?"

तेव्हा सगळं सांगितलं.

सोळाला साक्ष झाली. सरकारी अक्षरतज्ज्ञाने तिरक्या उजेडात पान कोर्टाला दाखवलं, दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या गेल्या. 'कोणत्या तोंडाने जाऊ' ही ओळ अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकताना मी जमिनीकडे बघत होते. न्यायाधीशांनी विचारलं, नऊ दिवस उशीर झाला तो तुमच्या चुकीने? मी म्हटलं, हो. माझ्या. वकिलाने आणखी काही विचारलं नाही. ठसा पुराव्यात राहिला. अपिलाचा निकाल लागायचा आहे, पण ठसा आता कुणी काढणार नाही.

बहीण मागच्या बाकावर होती. निघताना माझ्याजवळ थांबली. थांबली एवढंच.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, पान कुणी फाडलं? 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तू तेच धरून चालला असशील. तू नेहमीच समजून घेतेस, असं लिहिलं होतंस ना. मी तुझं नाव सांगितलं. नातंही सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. आता तिथून तुला काय येईल ते येईल. माझ्याकडून हे शेवटचं पत्र.

आईसाठी एक ओळ लिहिते, कारण ती स्वतः लिहिणार नाही. तुझं पहिलं पत्र तिने परवा शोधून काढलं, चष्मा लावून वाचलं. नमस्काराची ओळ, मोकळे केस, सगळं. शपथेपाशी आल्यावर कागद खाली ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ घेतली होती त्याने?"

"हो."

"मग मी जिवंत कशी गं?" असं म्हणाली आणि उठून दिवा लावायला गेली.

ताई